सरुबाईचं आजेचीर

माझ्या थोरल्या जाऊबाईंना राग आला की त्या बोलत नाहीत, कामाला लागतात. घरातली भांडी एकाएकी चमकायला लागली की आम्ही समजून जातो, कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, आणि जो तो गुपचूप आपापल्या वाटेनं सटकतो. नाव सरुबाई. तोंडावर मी तिला ‘बाई, तुम्ही’ असंच म्हणते. सांगताना मात्र ‘ती’ म्हणणार. वीस वर्षं एका घरात भाकरी भाजल्यावर माणसानं अहो-जाहो कुठवर पुरवायची?

आमचं घर मातोरीला. नाशिक इथून गाडीवर वीस-पंचवीस मिनिटं, आणि पंचवटीत गर्दीत अडकलात तर मग देवाचं नाव घ्या. चार एकर द्राक्षबाग आहे. सरुबाई अठराव्या वर्षी या घरात आली, सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या दिवशी बागेत गेली, ती अजून बागेतच आहे. पंधरा बायांची टोळी असो की पंचवीस, तिच्या पुढं कुणी ओळ संपवलेली मी पाहिलेली नाही. आरसा असा तिला कधी लागलाच नाही. टिकली लावायची ती ट्रॅक्टरच्या आरशात बघून, तीही पुंजाराम दादांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ट्रॅक्टर चालू करायच्या आत.

तर अशा बाईनं सेहेचाळीसाव्या वर्षी तोंडाला क्रीम लावायला का घेतलं, ते सांगते. दोष थोडा माझाही आहे, तो लपवत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या हर्षालीचा साखरपुडा ठरला. हर्षाली ही सरुबाईची एकुलती एक लेक. डी.फार्म झालेली, पंचवटीत एका मेडिकलच्या दुकानात नोकरीला. मुलगा चांदवडचा, महेश नाव, घरी कांद्याची शेती आणि स्वतः सोसायटीत कारकून. महेशला आई नाही. लहानपणीच गेली. त्याला वाढवलं आत्यानं, सखुबाईंनी, आणि त्या घरात सखुबाई म्हणतील ती पूर्व दिशा. मुलगी बघायला पुरुषमंडळी आली होती, तेव्हा सखुबाईंचे गुडघे धरले होते म्हणून त्या आल्या नाहीत. त्यामुळे त्यांची-आमची पहिली भेट झाली ती साखरपुड्यातच.

मानाच्या साड्या साखरपुड्यातच उरकायच्या असं ठरलं होतं. आता मुलाकडून मुलीच्या आईला साडी येते, तशी मुलीच्या आजीलाही एक येते. तिला आजेचीर म्हणतात. फिकट रंगाची, बारीक काठाची, म्हातारीच्या अंगावर शोभेल अशी. आमच्या सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, पण हे चांदवडकरांना सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ते बिचारे रीतीप्रमाणे घेऊन आले.

सखुबाई ताट घेऊन पुढं आल्या. आम्ही बायका सतरंजीवर बसलेल्या. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि ते आजेचीर सरळ सरुबाईच्या मांडीवर ठेवून तिच्या पाया पडायला वाकल्या.

“आजी, नातीला आशीर्वाद द्या.”

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण सखुबाईंनी दुसरी साडी उचलली, हिरवीगार, जांभळ्या काठाची, आईच्या मानाची, आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

“विहीणबाई, पोरीची काळजी करू नगा. ती माझीच पोर समजा.”

आता खरं बोलायचं तर मला हसू आलं. एवढंच नाही, घटकाभर बरंही वाटलं. मी सरुबाईपेक्षा पाचच वर्षांनी लहान, पण त्या दिवशी पावडर, लिपस्टिक, ब्लाउजला मागं लटकन, सगळा थाट केला होता. मी पदर तोंडाला लावला. पण सरुबाईनं पाहिलं. पाहिलं म्हणजे पाहिलंच. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तिकडून हर्षाली पाटावरून उठून उभी राहिली आणि म्हणाली, “आत्या, ती माझी आई आहे.”

सखुबाईंनी “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात घेतला. त्या साड्यांची अदलाबदल करायला धावल्या, तर सरुबाईनं मांडीवरच्या साडीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “राहू द्या. मानाचं दिलेलं माघारी घ्यायचं नाय.”

संध्याकाळी पाहुणे गेले आणि घरातली सगळी पितळी भांडी अंगणात आली. चिंच, राख, काथ्या. मी हिरवी साडी घेऊन तिच्यापुढं उभी राहिले. म्हटलं, “बाई, ही तुमची आहे. घ्या आणि मला मोकळी करा.”

हंडा घासता घासताच ती बोलली. “नाय घेणार. ज्या बाईनं तुला दिली, तिनंच ती तुझ्याकडून घिऊन माझ्या हातात द्यायची. कुणी सांगून नाय, सोताच्या डोळ्यानं वळखून. तवा नेसंन. नायतर लेकीच्या लग्नात त्या आजेचिरातच हुभी राहीन. बघू दे साऱ्या चांदवडाला.”

लग्न एप्रिलच्या शेवटी. हातात पाच महिने. आणि सरुबाई एकदा बोलली की ब्रह्मदेव आला तरी तिला माघारी फिरवत नाही. मुलीची आई मांडवात आजीच्या साडीत उभी राहणार, म्हणजे दोन्ही घरांची शोभा, आणि हर्षालीला सासरी जन्मभर टोमणे. ती पोर रडकुंडीला आली.

“आई, तुला काही फार करायचं नाहीये,” ती म्हणाली. “तीन वस्तू मी दुकानातून आणते. तोंड धुवायला साधा फेसवॉश, वर मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. बस्स.”

“पोटची पोर मला तोंड धुवायला शिकवती! अगं, तुला न्हाऊ-माखू कुणी घातलं?”

झालं. लेकीचं ऐकायचं नाही म्हटल्यावर बाकी सगळ्या गावाचं ऐकायचं. कुणी म्हणालं लिंबू. सरुबाईनं अर्धं लिंबू तोंडाला चोळलं आणि तशीच उन्हात काकऱ्यांतून फिरली. दुपारपर्यंत गाल असे भाजले की भाकरी उलटायला तव्याजवळ जाववेना. कुणी म्हणालं खायचा सोडा, कुणी म्हणालं टूथपेस्ट. बटाट्याच्या चकत्या झाल्या. पंचवटीच्या बाजारातून एक नाव-गाव नसलेली डबी आली, ‘सात दिवसांत गोरेपान’. ती हर्षालीनं उघडली, वास घेतला आणि उकिरड्यावर फेकली. “यात काय कालवलंय ते करणाऱ्यालाच ठाऊक. असल्या डब्यांत स्टिरॉइड असतं, काकू. आधी उजळतं आणि मग चेहऱ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते,” ती मला म्हणाली. आईशी तिनं बोलणं सोडलं होतं.

इथवर जे झालं ते कुणाच्याही घरी होतं. पुढचं मात्र द्राक्षवाल्यांच्याच घरी होऊ शकतं.

डिसेंबरात मणी बारका असतो तेव्हा आम्ही घड दोनदा जीएच्या पाण्यात बुडवतो, डिपिंग म्हणतात त्याला. जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध. चिमूटभर पावडर ड्रमभर पाण्यात कालवायची, प्रमाण पीपीएमवर मोजायचं, मगात घ्यायचं, घड बुडवायचा, झटकायचा आणि पुढच्या घडाकडं वळायचं. आठ-दहा दिवसांत बारका, मलूल मणी टम्म होतो, साल ताणली जाते, वर चकाकी येते. सरुबाईनं अठ्ठावीस वर्षं हे डोळ्यांनी बघितलेलं. तिनं विचार केला असणार की जे घडाला लागू पडतं ते गालाला का पडू नये? आणि त्या बाईनं, सांगायलाही हसू येतं, मगातलं उरलेलं पाणी दोन दिवस संध्याकाळी तोंडाला लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पदरानं तोंड झाकून चहा करत होती. मला शंका आली. मी पदर ओढला, आणि किंचाळलेच. डोळे दिसेनात, गाल लालबुंद. मणी फुगला होता, यात काही वाद नाही.

“काय लावलं?” मी विचारलं.

“काय नाय.”

“बाई, काय लावलं?”

तिनं बोटानं कोपऱ्यातला मग दाखवला.

दादांनी मोटरसायकल काढली नाही, जीपच केली. नाशिकला सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला आणि कातडीच्या डॉक्टरांपुढं जाऊन बसलो. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. तिनं चेहरा बघितला, विचारलं, “मावशी, काय लावलं होतं?” सरुबाई भिंतीकडं बघतेय. शेवटी मीच म्हटलं, “जीए.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. “किती पीपीएम?”

सरुबाई मान खाली घालून म्हणाली, “चाळीस.”

“पहिल्या डिपिंगचं का दुसऱ्या?”

“दुसऱ्या.”

मग ती पोरगी जी हसायला लागली ती थांबेचना. चष्मा काढून डोळे पुसले. “मावशी, माझं माहेर पिंपळगावचं. आमचीपण बाग आहे. पण माझ्या आईनंसुद्धा हे केलं नाही हो!”

तिनं सूज उतरायला चार दिवसांचं मलम दिलं आणि मग नीट समजावून सांगितलं. आधी सगळं बंद. लिंबू, सोडा, पेस्ट, डबी, जीए, सगळं. मग सकाळी साधं सौम्य फेसवॉश, ओल्या तोंडावरच मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, आणि ते कंजूषपणानं नाही, दोन बोटांवर लांब पट्टी बसेल एवढं. शेतात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा, आणि वर टोपी, स्कार्फ. रात्री झोपताना तोंड धुऊन पुन्हा मॉइश्चरायझर. “महागातलं घ्यायचं नाही. बिनवासाचं, साधं, मेडिकलमधलं. आणि मावशी, गोरं होणार नाही हं तुम्ही. तुमचा जो मूळ रंग आहे ना, ऊन लागून लागून दडून बसलेला, तो थोडाफार परत मिळेल. तीन महिने धीर धरा.”

सरुबाईनं डाव्या गालावर बोट ठेवलं. तिथं तिला एक खोल घडी आहे, नाकापासून खाली तिरपी उतरलेली. “डाक्टरीणबाई, बाकी राहू द्या. एवढी ही घडी तेवढी काढा.”

“हसून दाखवा बघू.” सरुबाई कशीबशी हसली. डॉक्टर म्हणाली, “ती हसायची घडी आहे. ती क्रीमनं जायची नाही. हसायचंच बंद करा, म्हणजे जाईल.”

बाहेर हर्षाली दुकानातून सुटून आली होती. सगळं ऐकून म्हणाली, “हेच तर मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं!”

“तू काय डाक्टर हायस का?” सरुबाई म्हणाली. पण त्या दिवशी मायलेकी बोलल्या तरी.

आता तुम्हाला वाटेल, संपलं, बाई शहाणी झाली. कसलं काय! आठ दिवस नेमानं केलं. नवव्या दिवशी टोळीतल्या बाया हसल्या, “सरुबाईला पीठ लागलंय तोंडाला.” सनस्क्रीन नीट चोळलं नव्हतं, पांढरे पट्टे राहिले होते. त्यात दादांनी तेल ओतलं, “का गं, नाटकात काम मिळालं का?” बास. ट्यूब फडताळात गेली आणि बाई उघड्या तोंडानं बागेत. मी दादांना त्या दिवशी ताक वाढलं नाही. ताक होतं, पण वाढलं नाही.

जानेवारी लागला. घडांना पेपर लावायचे दिवस. तयार होत आलेल्या घडावर थेट ऊन पडलं की मणी तांबूस पडतो, डाग येतात, आणि व्यापारी तो बाजूला काढतो. म्हणून एकेका घडाला रद्दी पेपर गुंडाळायचा आणि स्टेपलरनं टाचायचा. हजारो घड. सरुबाई पुढं आणि मी मागं. टोळीत एक नवी बाई होती. तिच्या हातून कडेच्या ओळीत एक घड उघडा राहिला. सरुबाईनं तो तीन ओळी पलीकडून हेरला.

“ए बाई! तो मावळतीकडचा घड उघडा कसा टाकला? दुपारचं सगळं ऊन त्याच्यावर येतं. दोन दिवसात तांबडा पडंल. तीन महिने तळहातावर जपलाय त्याला, असा वाऱ्यावर सोडायचा?”

ती बोलत होती, आणि दुपारचं ऊन सगळं तिच्या तोंडावर होतं. गाल तांबडे, ओठ फुटलेले, डोळे बारीक केलेले. माझं डोकंच फिरलं. मला राग आला की मी काम करत नाही, मी बोलते. पण त्या दिवशी मी दोन्ही केलं. रद्दीतला एक अख्खा पेपर ओढला, तिच्या डोक्यावरून गुंडाळला आणि हनुवटीखाली खटकन् स्टेपल मारला.

“अगं ए, काय करती!”

“पेपर लावतेय! हा बी मावळतीकडचाच घड हाय! तीन महिने नाय, सेहेचाळीस वर्षं उघडा टाकलाय! घडाला डाग पडला तर जीव जातो तुमचा, आणि तोंडाला? तुम्हाला तर निर्यात व्हायचंय, चांदवडला! मग कोण उचलंल असला तांबडा माल?”

सगळी टोळी ओळीत खाली बसून हसायला लागली. पेपरातून नुसतं नाक बाहेर आलेलं. मला वाटलं, आता मार खाते. पेपर आतून हलायला लागला. मग सरुबाई हसली. आधी बारीक, मग अशी की स्टेपल सुटलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, तेही मला कळलं. मी तिला धरलं. म्हटलं, “बाई, साखरपुड्यात मी हसले ना, ते पोटात ठेवा.”

“ठेवलंय गं कवाचं,” ती म्हणाली. “पण पावडर लय लावली होतीस तू.”

दुसऱ्या दिवशी ती बागेत आली ती टोपी, स्कार्फ आणि सनस्क्रीन नीट चोळून. दहा वाजता थांबली, एक वाजता पुन्हा थांबली, नळावर तोंड धुतलं, टिपलं, पुन्हा दोन बोटं पट्टी. टोळीतल्या बाया हसल्या, तर तिनं एकेकीला समोर बसवून त्यांनाही लावलं. “फवारणीचं वेळापत्रक पाळता ना? मग हे बी पाळा.” पंधरा दिवसांत सगळी टोळी टोप्या घालून. हर्षाली दुकानातून मोठ्या ट्यूबा आणायची. महिन्याला सगळं मिळून खर्च झाला तो दादांच्या तंबाखूपेक्षा कमी. हे मी दादांसमोर दोनदा मोजून सांगितलं.

मार्चपर्यंत फरक दिसला. गोरी-बिरी काही नाही झाली, आणि तिला व्हायचंही नव्हतं. पण कातडी मऊ झाली, ओठ भरले, गालावरचे काळे चट्टे फिके पडले. चिंचेनं घासलेल्या तांब्याला कसं तेज येतं, तसं काहीतरी. ट्रॅक्टरच्या आरशात टिकलीला जरा जास्त वेळ लागायला लागला आणि दादा आपले हॉर्न न वाजवता थांबायला लागले. घडी मात्र होती तिथंच होती.

लग्नाच्या दिवशी आडगावजवळच्या लॉन्सवर आम्ही सकाळपासून. माझ्या पिशवीत हिरवी साडी, तिच्या पिशवीत आजेचीर, आणि अंगावर एक जुनी, कामापुरती. मी मुद्दाम पावडर लावली नव्हती. लटकनवालं ब्लाउजही घरी. अकरा वाजता चांदवडचं वऱ्हाड उतरलं. पुढं सखुबाई, डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल.

“भपका बघ,” सरुबाई माझ्या कानात पुटपुटली. “वळखायचं तर राहू दे, हिला बघायचं सुदिक नाय.”

सखुबाई आमच्यासमोर येऊन थांबल्या. सावलीत आल्यावर गॉगल काढला. माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. महेश मागून “आत्या, या...” असं काहीतरी म्हणायला लागला, तर हात वर करून म्हणाल्या, “कुणी बोलू नगा. मला सोताला बघू द्या. मागच्या खेपेला माझी लय शोभा झालीय.”

आम्ही दोघी उभ्या. सरुबाई तोंड घट्ट मिटून. सखुबाईंची नजर हिच्यावरून माझ्यावर, माझ्यावरून हिच्यावर. ठरेना. मग त्या एकदम म्हणाल्या, “तवा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता हो. समोर बाई हाय का बाप्या हाय एवढंच कळायचं. कुणाला सांगितलं नव्हतं, लग्न मोडंल म्हणून. फेब्रुवारीत एक डोळा केला, मार्चात दुसरा. पट्टी काढली, घरी आले, आरशात बघितलं आणि महेशला हाक मारली. म्हटलं, अरे, ही कोण म्हातारी घरात शिरलीय? बाहेर काढ तिला!”

मी फसकन् हसले. आणि सरुबाई, जिनं तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, तिलाही आवरेना. ती हसली, अन् डाव्या गालावर ती घडी पडली.

सखुबाईंनी बोट उचललं. “हीच! हसली की पोरीला हितंच अशी घडी पडते. गेल्या आठवड्यात महेशनं फोनवर तिचा फोटो दाखवला, नव्या डोळ्यांनी पयल्यांदा नीट बघितला. नाक तुमचं, घडी तुमची. तुम्ही हर्षालीच्या आई.”

सरुबाईनं गालावर हात ठेवला. त्याच घडीवर. पाच महिने जी घालवायला निघाली होती, त्याच घडीनं तिची आई म्हणून ओळख पटवली. मी पिशवीतून हिरवी साडी काढून सखुबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती सरुबाईच्या ओटीत घातली आणि दोघी विहिणी गळ्यात गळा घालून रडल्या. मीही रडले. कुणी मला विचारलं नाही, तरी रडले.

पण सरुबाई ती सरुबाईच. डोळे पुसून पहिला प्रश्न काय? “म्हंजे मोतीबिंदू होता. मग माझं पाच महिन्यांचं क्रीम वाया गेलं का?”

“वाया कशाला?” सखुबाई म्हणाल्या आणि हळूच जवळ सरकल्या. “आता दिसतंय म्हणून तर इचारते. काय लावता हो? आमच्याकडं कांद्यात दिवसभर उन्हात. माझं तर बघा काय झालंय.”

अर्ध्या तासानं भटजी मुलीच्या आईला शोधत होते. मी तिला शोधायला गेले, तर हिरव्या साडीतली सरुबाई हात धुवायच्या नळांपाशी विहिणीला खुर्चीवर बसवून तिच्या गालाला सनस्क्रीन चोळत होती. “दोन बोटं पट्टी. कमी नाय. लिंबू लावायचं नाय. आणि आत्याबाई, तुमच्याकडं द्राक्ष नाय ते बरंय, नायतर आणखी एक सांगावं लागलं असतं.” तिकडं मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा सखुबाईंच्या एकाच गालाला लागलं होतं. दुसरा नंतर.

आजेचीर तिनं परत केलं नाही. सखुबाईंनी मागितलं, तर म्हणाली, “मानाचं हाय. ठेवलंय. लागंल.”

परवा ते लागलं. हर्षाली बाळंतपणाला आमच्याकडंच होती, मुलगी झाली, आणि मे महिन्याच्या टळटळीत उन्हात बाराव्या दिवशी बारसं होतं. चांदवडची सगळी आली. पाळणा सजला, बाया जमल्या, आणि सरुबाईचा पत्ता नाही. मी आत गेले. फिकट, बारीक काठाचं ते आजेचीर नेसून ती खिडकीपाशी उभी होती. स्वतः होऊन नेसलेली. डोळे भरलेले, डाव्या गालाला घडी पडलेली, आणि दोन बोटांवर लांब पट्टी काढलेली.

“बाई, पाळणा खोळंबलाय!” मी म्हटलं. “आजी झालात आता. आज एक दिवस नाय लावलं तर काय बिघडतंय?”

“शुभांगी,” ती गाल चोळत म्हणाली, “ऊन काय नातं इचारून लागतं का गं?”